काना शिकताना देवनागरीची सोबत कुठवर घ्यावी

इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही चाकणजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करता, वय ३६ आहे, आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षणासाठी जपानला जाण्याची शक्यता आहे. जपानीत 'काना' नावाच्या दोन अक्षरलिप्या आहेत, हिरागाना आणि काताकाना. त्यांपैकी हिरागाना तुम्ही दोन महिन्यांपूर्वी शिकायला घेतली. तक्ता घडाघडा म्हणता येतो, पण शब्द समोर आला की एकेक अक्षर लावत बसावे लागते. काताकाना तर आठवडाभरही टिकत नाही, आणि त्यातही 'शि' व 'त्सु', 'सो' व 'न्' यांची हमखास गल्लत होते. उच्चार देवनागरीत लिहून ठेवावेत की रोमन लिपीत, हाताने लिहिण्याचा सराव खरोखर हवा का, डिसेंबरची एन-५ (जपानी भाषेची सर्वांत खालच्या पातळीची) परीक्षा द्यावी का, आणि स्वतःचे आडनाव काताकानात कसे लिहावे, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी पुण्यात गेली १९ वर्षे संध्याकाळच्या वर्गांत जपानी शिकवते. माझे निम्म्याहून अधिक विद्यार्थी तुमच्यासारखेच नोकरी सांभाळून शिकणारे असतात, आणि तुमचे वर्णन मी दर तुकडीत निदान चार जणांकडून ऐकते. तुमची स्मरणशक्ती कमी पडते आहे असे मला वाटत नाही. तुम्ही लिहिले आहे की वहीत प्रत्येक अक्षराखाली देवनागरी उच्चार लिहिला आहे. माझ्या मते अडचणीचे मूळ तिथे आहे. कानाचे अक्षर आणि देवनागरी अक्षर शेजारी असले की मराठी माणसाची नजर देवनागरीवरच जाते, कारण ती लिपी आपण वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून वाचत आलो आहोत. दोन महिने तुम्ही काना पाहिली आणि देवनागरी वाचली. शिवाय तक्ता क्रमाने पाठ असल्यामुळे अक्षर त्याच्या आकारावरून न ओळखता जागेवरून ओळखण्याची सवय लागली आहे. शब्दात अक्षरांच्या त्या जागा राहत नाहीत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू होतो.

किती दिवस लागतील याला एकच उत्तर नाही. रोज चाळीस मिनिटे नेमाने देणारे माझे विद्यार्थी साधारण तीन आठवड्यांत हिरागाना आणि आणखी तीन आठवड्यांत काताकाना ओळखू लागतात. परंतु ओळखणे आणि न थांबता वाचणे यांत आणखी दोन-तीन महिन्यांचे अंतर राहते. शनिवार-रविवारीच चार तास बसणाऱ्यांना याहून बराच जास्त काळ लागतो. ज्यांच्या कानावर कामाच्या निमित्ताने जपानी पडत असते त्यांना कमी लागतो, आणि या बाबतीत तुम्ही सुदैवी आहात. कसे, ते पुढे सांगते.

देवनागरीमुळे होणारे नुकसान सांगण्यापूर्वी तिचा फायदा सांगायला हवा, कारण तो मोठा आहे आणि इंग्रजी पुस्तकांवरून शिकणाऱ्या मराठी माणसाच्या तो सहसा लक्षातच येत नाही. कानाच्या तक्त्याला जपानीत 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनी, असे नाव आहे. त्यातील स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा येतात. हा क्रम आपल्याच वर्णमालेचा आहे. संस्कृत मंत्रांच्या अभ्यासासाठी सिद्धम् लिपी शिकलेल्या जपानी बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून तो तिथे रुजला. शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५) चीनहून जी विद्या घेऊन आले तिच्यात सिद्धम्‌चा समावेश होता, आणि जपानी स्मशानांत थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर त्या लिपीतील बीजाक्षरे आजही लिहिली जातात. तक्त्यात 'स' आपल्या 'च'च्या जागी बसला आहे, कारण त्या काळी त्याचा उच्चार आजच्यासारखा निव्वळ 'स' नसावा असे अभ्यासक मानतात. 'ह' बसला आहे 'प'च्या जागी, कारण तो मुळात 'प'च होता. ट-वर्ग जपानीत नाहीच. त्यामुळे कंठापासून ओठांपर्यंत आणि मग य, र, व असा आपल्या ओळखीचा प्रवास तिथे जसाच्या तसा दिसतो.

हे कळले की आणखी एक कोडे सुटते. कानाच्या अक्षराच्या डोक्यावर दोन बारीक रेघा दिल्या की 'क'चा 'ग' होतो, 'स'चा 'झ', 'त'चा 'द', आणि 'ह'चा मात्र 'ब' होतो. हा 'ब' कुठून आला, असे प्रत्येक तुकडी विचारते. 'ह'च्या जागी 'प' ठेवून पाहा. वर्गातल्या पहिल्या व्यंजनावरून तिसऱ्यावर जाण्याचा आपला शाळेतला नियम लागू पडतो. पन्नासचे गणितही सोपे आहे. पाच स्वर गुणिले दहा ओळी म्हणजे पन्नास. त्यांतील तीन जागांना स्वतंत्र अक्षर वापरातच नाही, 'वि' व 'वे' ही दोन अक्षरे १९४६ च्या लेखनसुधारणेत गळाली, आणि शेवटी वेगळा 'न्' जोडला गेला, म्हणून आज मूळ अक्षरे ४६ आहेत. रेघांनी आणि लहान वर्तुळाने होणारी आणखी २५ आणि लहान 'या', 'यु', 'यो' जोडून होणारी ३३ धरली तरी नवीन आकार म्हणून लक्षात ठेवायचे ते ४६च.

दुसरा फायदा जिभेचा आहे. त-ओळ 'त, चि, त्सु, ते, तो' अशी चालते आणि स-ओळीत 'सि'ऐवजी 'शि' येतो. इतरांना हे अपवाद वाटतात. मराठी माणूस मात्र 'त्याचा' आणि 'त्याची' यांतले दोन वेगवेगळे च, 'माझा' आणि 'माझी' यांतले दोन वेगवेगळे झ रोज उच्चारतो, आणि म्हैस अनेक झाल्या की त्यांना 'म्हशी' म्हणतो. पुढे इ आला की व्यंजन तालव्य होते, ही प्रवृत्ती आपल्या तोंडात आधीपासून आहे. 'चूक'मधला च म्हणजे जवळजवळ 'त्सु'मधले व्यंजन, 'जुना'मधला ज म्हणजे 'झु'मधले. माझ्या वर्गातील हिंदी भाषक विद्यार्थ्यांना 'त्सु' बसवायला आठवडा लागतो, मराठी मुलांना तो सांगावाही लागत नाही. तसेच 'न्' या अक्षराचे आहे. त्याचा उच्चार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो, अगदी 'अंक', 'अंत', 'आंबा' यांतल्या अनुस्वारासारखा. तुमच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या जागेला सगळे 'गेंबा' म्हणतात, तो शब्द लिहिताना 'गे-न्-बा' असतो; पुढे 'ब' असल्यामुळे न्‌चा म् ऐकू येतो.

आता नुकसान. देवनागरी जपानी शब्दाची लांबी दाखवू शकत नाही, आणि जपानीत लांबीवर अर्थ ठरतो. आपल्या लिपीत इ-ई, उ-ऊ अशा जोड्या आहेत, पण ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. 'कोको' असे वहीत लिहिले तर ते 'इथे' या अर्थाचे, दोन अक्षरांचे 'को-को' आहे की माध्यमिक शाळेनंतरच्या तीन वर्षांच्या शाळेसाठी असलेले 'को-उ-को-उ' आहे, हे तुम्हालाच महिन्याने कळणार नाही. 'अ' आणि 'आ' यांचा घोळ त्याहून मोठा आहे. जपानी 'का'चा स्वर आपल्या 'आ'सारखा उघडा, पण लांबीने आखूड असतो. तो 'क' लिहिला तर शब्दाच्या शेवटी आपण त्याचा पाय मोडून वाचतो, आणि 'का' लिहिला तर ओढून वाचतो. 'नागासाकी' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत असतो तसा वाचून पाहा. तिन्ही आकार आणि शेवटची ई आपण लांबवतो, जपानी माणूस मात्र चारही अक्षरे सारख्याच आखूड मापाने म्हणतो. शब्दाच्या शेवटी इ-कार, उ-कार दीर्घ लिहिण्याचा मराठीचा नियम त्यात भर घालतो. 'सुशी' असे लिहायची सवय झालेला विद्यार्थी श्रुतलेखनात 'शि'नंतर जास्तीचा 'इ' हमखास लिहितो. जी नावे आपल्याकडे इंग्रजीमार्गे आली, त्यांतला 'ट' हाही असाच पाहुणा आहे. टोकियो आणि टोयोटा या दोन्हींत जपानी माणूस 'त' म्हणतो.

रोमन लिपी लांबी दाखवू शकते, पण तिच्यामुळे इंग्रजीचे उच्चार मागच्या दाराने आत येतात, म्हणून ती देवनागरीहून बरी असे मी म्हणणार नाही. माझा सल्ला असा आहे की पहिले दोन-तीन दिवस तक्त्याचा क्रम आणि उच्चार समजून घेण्यासाठी देवनागरी खुशाल वापरावी. त्यानंतर वहीत कानाच्या अक्षराखाली दुसरी कोणतीही लिपी लिहू नये. अक्षर आठवले नाही तर तक्ता उघडून पाहावा आणि पुन्हा मिटावा. त्या उठाठेवीचा जो कंटाळा येतो तोच अक्षर लक्षात ठेवायला भाग पाडतो. तुमची जुनी वही मात्र बाजूला ठेवून नवी सुरू करा. (या उत्तरात मी देवनागरीच वापरते आहे, कारण इथे वाचन शिकवायचे नसून वाचनाविषयी बोलायचे आहे.)

लांबीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या अनुभवात वाचनाचा वेगही इथेच अडतो. जपानी कान शब्द मात्रांनी मोजतो, आणि कानाचे जवळजवळ प्रत्येक अक्षर एक मात्रा असते. वृत्तपत्राला असलेला 'शिन्बुन' हा शब्द आपल्याला दोन अवयवांचा वाटतो. जपानी माणसाला तो शि, न्, बु, न् असा चार टाळ्यांचा वाटतो. 'तोक्यो' म्हणजे तो-उ-क्यो-उ, याही चारच टाळ्या. लहान 'त्सु' स्वतः उच्चारला जात नाही, तो पुढच्या व्यंजनाला द्वित्व देतो, आणि तरी त्याची एक टाळी असते: 'किते' म्हणजे 'येऊन', 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. द्वित्वाची आपल्याला जोडाक्षरांमुळे सवय आहे, पण आपण ते झरकन उरकतो. जपानीत तिथे क्षणभर थांबावे लागते. लहान 'या', 'यु', 'यो' यांना मात्र वेगळी टाळी नाही, ते आधीच्या अक्षरात मिसळतात. 'ब्योइन' म्हणजे रुग्णालय आणि 'बियोइन' म्हणजे केशभूषेचे दुकान, आणि लिहिताना या दोहोंत फरक इतकाच की पहिल्यात 'यो' लहान आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने लेखी परिचयात 'माझे पती बँकेत काम करतात' असे लिहिताना 'शुजिन'मध्ये एक 'उ' जास्तीचा घातला. 'शु-उ-जि-न्' म्हणजे कैदी. जपानहून आलेल्या परीक्षक बाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढचे वाक्य वाचले, पण विद्यार्थिनी ती चूक पुन्हा कधी करणार नाही.

म्हणून माझ्या वर्गात शब्द वाचण्याआधी टाळ्या वाजवून म्हटला जातो. मोठ्या माणसांना पहिले दोन दिवस संकोच वाटतो, पण त्यावाचून लांबी कानात बसत नाही. आणि गृहपाठाचा अर्धा वेळ श्रुतलेखनाला जातो. ऐकून लिहिताना देवनागरीला मध्ये शिरायला जागाच उरत नाही. पाठ्यपुस्तकासोबत मिळणारे ध्वनिमुद्रण घ्या, रोज दहा शब्द ऐकून लिहा, आणि चुकलेले शब्द दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा लिहा. पुस्ती काढल्यासारखे एकच अक्षर ओळभर गिरवण्याचा मला फारसा उपयोग दिसलेला नाही. तिसऱ्या वेळेनंतर हात शेजारच्या अक्षराची नक्कल करतो आणि डोके दुसरीकडे गेलेले असते. त्यापेक्षा एकदा लिहावे, झाकावे, दुसरे काही करावे, आणि दहा मिनिटांनी न बघता पुन्हा लिहावे.

तुम्ही सुदैवी आहात असे मी म्हटले, कारण तुमच्या कारखान्याच्या भिंतींवर जपानी शब्द आधीच टांगलेले आहेत. पाच एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच जपानी सूत्रांचा, फलक घ्या. सेइरि, सेइतोन्, सेइसोउ, सेइकेत्सु, शित्सुके. हे पाच शब्द तुम्हाला अर्थासकट पाठ आहेत. ते हिरागानात लिहायला बसलात तर जवळजवळ प्रत्येक नियम समोर येतो. 'से-इ' असे लिहितात आणि लांब 'से' असे म्हणतात, हे पहिल्या चार शब्दांत कळते. 'सोउ'मध्ये लांब ओ बहुधा 'उ' लावून लिहितात, हे दिसते. 'शित्सुके' जपानी माणसाच्या तोंडून ऐकला तर पहिला इ जवळजवळ गायब असतो, 'श्त्सुके' असेच काही ऐकू येते. तरी लिहिताना तीन पूर्ण अक्षरे लागतात. पुढे कारखान्यात रोज कानावर पडणारे काइझेन्, कान्बान्, मुदा, मुरा, मुरि, आन्दोन्, हान्सेइ, आणि लहान अक्षर पक्के करायला हेइजुन्का. ओळखीचा शब्द अनोळखी लिपीत वाचताना डोळा अक्षरे जोडत बसत नाही, शब्दाचा आकारच उचलतो. तक्ता म्हणण्याने जे दोन महिन्यांत झाले नाही ते अशा वीस-पंचवीस शब्दांनी दोन आठवड्यांत होईल असा माझा अंदाज आहे. त्यासोबत ४६ पत्ते करून पिसावेत आणि मिनिटाच्या आत सगळे वाचता येईपर्यंत रोज एकदा वाचावेत. घड्याळ लावल्याशिवाय यात प्रगती समजत नाही.

हिरागानातल्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांविषयी एक सूचना. 'नु' आणि 'मे', 'ने', 'रे' आणि 'वा', 'रु' आणि 'रो', 'सा' आणि 'कि' ही मंडळी एकाच दिवशी शेजारी ठेवून शिकू नयेत. एक पक्के झाल्यावर काही दिवसांनी दुसरे घ्यावे आणि मग फरकावर बोट ठेवावे. 'रो' आपल्या ३ या अंकासारखा दिसतो. त्याच ३ च्या शेपटाला गाठ मारली की 'रु'. 'नु' शेवटी गाठ मारतो, 'मे' मारत नाही. 'ने'च्या शेवटी गाठ आहे, 'रे'ची शेपटी बाहेर वळते, 'वा'ची आत. बाराखडीची सवय असलेल्या आपल्याला सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते ते वेगळ्याच कारणाने. का, कि, कु, के, को यांच्यात दिसायला काहीही समान नसते, काना-मात्रा-वेलांटी लावण्याची सोय तिथे नाही. तिथे तक्रार करून उपयोग नाही, पाचही स्वतंत्रच शिकावी लागतात.

हाताने लिहावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, मात्र सुंदर अक्षरासाठी नव्हे. एन-५ मध्ये लेखन अजिबात नसते, सगळी उत्तरे पर्यायांतून निवडायची असतात. केवळ परीक्षा हेच ध्येय असते तर मी एवढा आग्रह धरला नसता. पण तुमची 'शि-त्सु', 'सो-न्' ही अडचण डोळ्यांनी सुटणारी नाही, ती हातानेच सुटते. काताकानातील 'शि'च्या दोन लहान रेघा डाव्या बाजूला एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर, उजवीकडे जाते. 'त्सु'च्या दोन लहान रेघा वरच्या बाजूला शेजारी शेजारी असतात आणि लांब रेघ वरून खाली, डावीकडे उतरते. एक लहान रेघ कमी केली की पहिल्याचा 'न्' होतो, दुसऱ्याचा 'सो'. छापील अक्षरात ही दिशा जेमतेम दिसते. पन्नास वेळा योग्य दिशेने लिहिलेल्या हाताला मात्र ती कुठेही दिसते, कारण रेघेचे जाड टोक सुरुवातीचे आणि निमुळते टोक शेवटचे असते. हिरागानातला 'शि' खाली येऊन वर वळतो आणि 'त्सु' वरून जाऊन खाली वळतो. काताकानातही शेवटची रेघ त्याच दिशेने जाते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

लिहिण्याचे दुसरे कारण कामाच्या जागेचे आहे. जपानी अभियंता फळ्यावर लिहितो ते अक्षर भ्रमणध्वनीवरच्या अक्षरासारखे नसते. 'कि' आणि 'सा' यांची खालची वक्र रेघ छापील अक्षरात जोडलेली असते आणि हस्ताक्षरात बहुधा तुटलेली. केवळ पडद्यावर शिकलेला माझा एक विद्यार्थी याच कारणाने दोन ओळींची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला होता. म्हणून नमुना निवडताना जपानी शालेय पुस्तकांत वापरतात त्या वळणाचा निवडावा. तो हस्ताक्षराच्या जवळचा असतो.

लिहिताना आपल्या दोन सवयी मोडाव्या लागतात. आपण अक्षर काढून शेवटी वर रेघ ओढतो. काना लिहिताना आडवी रेघ बहुधा आधी येते आणि उभी नंतर. दुसरे म्हणजे आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, कानाचे अक्षर चौकोनाच्या मध्यावर बसते. एकेरी ओळींच्या वहीत आपल्या हाताने लिहिलेली काना वर चढत जाते, आणि लहान 'त्सु' मोठ्याइतकाच होतो. लहान मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एक अक्षर, आणि आडव्या लेखनात लहान अक्षर चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे. रेघ कुठे ठाम थांबते, कुठे आकड्यासारखी उचलली जाते आणि कुठे विरत जाते, हे तीन शेवट पाहून ठेवले की कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरे, शिकताना वेगळी मेहनत पडत नाही.

काताकाना टिकत नाही याचे कारण ती अवघड आहे हे नसून ती वाचायला कमी मिळते हे आहे. पाठ्यपुस्तकात तिला दोन पाने असतात आणि 'परदेशी शब्दांसाठीची लिपी' अशी ओळख करून दिलेली असते. ती ओळख अपुरी आहे. आवाजाची अनुकरणे, प्राणी-वनस्पतींची नावे, ठळकपणे दाखवायचे शब्द, या सगळ्यांसाठी काताकाना वापरतात, आणि तुमच्या कामात तर फार. जपानी तपासणी-तक्त्यात ओरखड्याला 'किझु', गंजाला 'साबि', कडेला राहिलेल्या धातूच्या कोरेला 'बारि' असे काताकानात लिहिलेले आढळेल. पोकायोके (चूक होऊच नये अशी योजना) आणि मुदा-मुरा-मुरिदेखील अनेकदा काताकानातच असतात. असे पंचवीस शब्द कामावरच्या कागदांतून उतरवून घ्या. इंग्रजीतून आलेले शब्द मात्र डोळ्यांनी अंदाज बांधून न वाचता मोठ्याने वाचावेत. 'बु-रे-ऽ-कि' हे तोंडाने म्हटल्यावर ब्रेक ऐकू येतो, नुसते पाहून येत नाही. मधली आडवी रेघ स्वर एक मात्रा लांबवते, आणि उभ्या लेखनात तीच रेघ उभी होते. 'का', 'कि', 'हे', 'रि', 'मो', 'या', 'से' ही अक्षरे हिरागानासारखीच दिसतात, कारण दोन्ही लिप्यांत ती एकाच चिनी अक्षरापासून आली आहेत; म्हणजे ४६ पैकी सात तर तुम्हाला आधीच येतात.

वाचताना अडवणारी आणखी तीन अक्षरे आहेत. कर्त्याविषयी किंवा विषयाविषयी बोलताना जे 'वा' अव्यय लावतात ते 'हा' या अक्षराने लिहितात, दिशा दाखवणारे 'ए' हे 'हे'ने, आणि कर्माला लावायच्या 'ओ'साठी व-ओळीतले जुने अक्षर राखून ठेवले आहे. १९४६ साली शब्दांचे लेखन उच्चाराजवळ आणले गेले तेव्हा ही तीन अव्यये जुन्याच लेखनात राहिली. 'कोन्निचिवा'चे शेवटचे अक्षर 'हा' का, याचेही उत्तर तेच आहे.

परीक्षेविषयी. पुण्यात केंद्र आहे, परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात होते, त्यामुळे डिसेंबरची घाई अपरिहार्य नाही. पिसलेले ९२ पत्ते, म्हणजे दोन्ही लिप्या, ऑगस्टअखेरीस दोन मिनिटांत वाचता येत असतील तर डिसेंबरसाठी अर्ज भरा, नसतील तर जुलैची वाट पाहा. एन-५ च्या प्रश्नांत लांब स्वर, लहान 'त्सु' आणि लहान 'यो' यांच्यातच फरक असलेले चार पर्याय देतात, आणि काताकाना शब्दाचे योग्य लेखन विचारताना 'शि'च्या जागी 'त्सु' घातलेला पर्याय असू शकतो. म्हणजे आज तुम्ही ज्याला वेंधळेपणा म्हणता आहात, तेच तिथे तपासले जाते.

राहिले आडनाव. तुम्ही ते लिहिलेले नाही, पण त्यात 'ळ' आहे असे सांगितले आहे. जपानीत र, ल, ळ तिन्ही र-ओळीत जातात, ट आणि त एकाच ओळीत येतात, ण चा न होतो. 'हु' नसल्यामुळे राहुल 'रा-ऽ-फु-रु' होतो, आणि पाटीलमधला 'टी' मोठ्या 'ते'ला लहान 'इ' जोडून लिहितात. आडनाव काळे असेल तर 'का'नंतर लांबीची रेघ देऊन 'का-ऽ-रे' लिहावे. रेघ चुकून शेवटी गेली तर 'कारेऽ' होते, आणि जपानी माणूस तो शब्द भातावर घ्यायची करी असाच वाचतो. व्यक्तिनामांत एकाहून अधिक लेखने चालू शकतात. तुम्ही एक ठरवा, कारखान्यातल्या जपानी सहकाऱ्याकडून ते मोठ्याने वाचून घ्या, आणि आपल्याला आपले नाव ऐकू आले तर प्रशिक्षणाच्या अर्जापासून तिथल्या बँक खात्यापर्यंत सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिहा, कारण एका कागदावर रेघ आणि दुसऱ्यावर नाही असे झाले की ते नाव जुळवताना खिडकीपलीकडचा माणूस आणि तुम्ही दोघेही खोळंबता.